औषधाचा रस्सा

ता. १ फेब्रुवारी १९२८

रात्री पुन्हा जमलं नाही. दिवाळीपासून हे असंच चाललंय, आता स्वतःशी खोटं बोलण्यात अर्थ नाही. मी त्रेपन्न वर्षांचा, निंगव्वा पंचेचाळीसची. मुलगा हैदराबादेला दुकान काढून बसलाय, मुलगी मैंदर्गीला दिली. घरात आम्ही दोघंच. लेकरं लहान होती तेव्हा कोपरा मिळायचा नाही. आता अख्खं घर मोकळं — आणि मी हा असा!

निंगव्वा काही म्हणत नाही. कूस बदलते, पदर अंगावर ओढते आणि झोपते. चांगली गाढ झोपते. ताडकन काही बोलली असती, टोमणा मारला असता, तरी बरं वाटलं असतं. तिच्या या गप्प बसण्यानं मी आतल्या आत मरतोय.

ता. ३ फेब्रुवारी

चहा सोडला. डोकं ठणकतंय. तंबाखूही सोडणार आहे — उद्यापासून.

ता. ५ फेब्रुवारी

पेठेत शेजारच्या चनबसप्पाला आडून आडून विचारलं. त्याचं तुरीचं दुकान, माझं सगळ्या डाळींचं. वीस वर्षं एका ओट्यावर बसतो आम्ही. म्हणालो, "माझ्या एका पाहुण्याचं वय झालंय, आणि जरा — असं आहे." लेकाचा हसला! "पाहुण्याला सांग, खसखस वाटून दुधातून घे. पांढऱ्या कांद्याचा रस मधातून घे. डिंकाचे लाडू खा, खारीक खा. आणि काय रे, पाहुण्याचं जाऊ दे, तुझं तोंड का उतरलंय?"

घरी येऊन निंगव्वाला म्हणालो, गुडघे दुखतात, डिंकाचे लाडू कर. "गुडघे? कधीपासून?" म्हटलं, थंडीपासून. लगेच खोबरं किसायला बसली. माझ्या गुडघ्यांची एवढी काळजी! फार वाईट वाटलं मला.

ता. ११ फेब्रुवारी

लाडू, खारीक, खसखस, तूप, सगळं चालू आहे. कांद्याच्या रसानं दुकानात गिऱ्हाईक दोन हात लांब उभं राहतं. सदऱ्याची खालची गुंडी लागेना. जे खातो ते पोटातच मुक्काम करतं, त्याच्या पुढं काही जात नाही.

मी जेवून उठलो की निंगव्वा माझ्याच ताटात वाढून घेते. लग्न झाल्यापासून तसंच. आज ताटात अर्धा लाडू राहिला होता. तो तोंडात टाकून म्हणाली, "आता माझे पण गुडघे पळायला लागतील बघा." हसली. मला हसता येईना. ही बाई माझ्या उष्ट्यात सुख मानते आणि मी तिला दुसरं काय देतो?

ता. १३ फेब्रुवारी

कुंभारीचा बिरदेव उडीद घेऊन आला. साठीला आलेला धनगर. मेंढरं-शेरडं आणि थोडी जमीन. गेल्या श्रावणात त्याला मुलगा झाला! पोतं उतरवताना त्याच्याकडं बघत राहिलो. बघता बघता विचारून बसलो, "बिरदेव, तू खातोस तरी काय?"

"मी व्हय? मिळंल ती खातो की." मग माझ्याकडं नीट बघितलं. त्याला कळलं. मेंढरांची नाडी कळणारा माणूस, माझी काय अवघड! जवळ येऊन म्हणाला, "मालक, डाळ खाऊन खाऊन माणूस बी शिजून मऊ हुतंय. एकदा आमच्याकडं या. आमच्या कारभारणीच्या, केराबाईच्या हातचा रस्सा प्या. मागनं मला सांगा."

मी खवळलो. म्हणालो, आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंड्याचं टरफल आजवर आलं नाही. गळ्यात लिंग आहे माझ्या, दिसत नाही का? "न्हाय वो, रागवू नगा. सांगितलं आपलं." पैसे घेऊन गेला. त्याचं बोलणं मात्र दिवसभर डोक्यातून हललं नाही.

ता. १४ फेब्रुवारी

शेवटी बाळीवेशीतल्या वैद्यबुवांकडं गेलो. ओटीवर माणसं बसलेली. बुवांच्या कानाजवळ तोंड नेऊन पुटपुटलो. बुवांचे पुढचे दात पडलेत, त्यांचं बोलणंही तोंडातल्या तोंडात. नाडी धरली. जीभ बघितली. म्हणाले, घाबरू नका, वयानं धातू कमी होतो, त्याला अन्नानंच पोसावं लागतं, नुसत्या गोळ्या गिळून काय होणार? दूध घ्या, तूप घ्या, जागरण नको, चिंता नको. चिंता नको म्हणे! आणि मग म्हणाले — "याला मांस उत्तम. तुपात परतून घ्या. रोज."

मला वाटलं, जमीन सरकली. म्हणालो, "बुवा, आमच्यात चालत नाही ते." तर म्हणतात, "का नाही चालत? जड पडतं म्हणून? हिंग लावा, सुंठ लावा, बेतानं खा. औषध समजून खा."

जानव्याचा ब्राह्मण. स्वतः कांदासुद्धा शिवत नसेल. तो मला मांस सांगतो! म्हणजे दुसरा काहीच इलाज राहिला नाही. माझी अवस्था इतकी वाईट आहे, हे मला आजच कळलं.

ता. १९ फेब्रुवारी

महाशिवरात्र. दोघांचाही उपास. सकाळी निंगव्वा आणि मी शेजारी शेजारी पाटावर बसून पूजा केली. डाव्या तळहातावर लिंग, उजव्या हातानं पाणी, भस्म, बेल. ती डोळे मिटून किती वेळ बसली होती! चेहरा असा शांत की वाटलं, या घरात काहीच बिघडलेलं नाही. मी मात्र हातातल्या लिंगाकडं बघून एकच विचारत होतो — खाऊ का? खाऊ का?

देव अशा गोष्टीत बोलत नाही.

ता. २५ फेब्रुवारी

खाल्लं.

निंगव्वाला सांगितलं, कुंभारीला माल बघायला जातो. बिरदेवाच्या गाडीतून गेलो. गळ्यातलं लिंग काढलं नाही. ते काढणं म्हणजे मरणं. चांदीच्या डबीची दोरी फिरवून डबी पाठीवर टाकली, वरून उपरणं घेतलं. समोर नको म्हणून. त्रेपन्न वर्षांत ते छातीवरून हललं नव्हतं.

केराबाईनं पितळीत रस्सा वाढला. "लाजू नगा मालक, औशद हाय. डोळं झाकून प्या." डोळे झाकले. पहिल्या घोटाला पोटातून उमासा आला, दुसऱ्याला नाही. आणि तिसरा — हे इथंच लिहितो, दुसरीकडं कुठं सांगणार? — तिसरा चांगला लागला. भाकरी मागून घेतली मी! घरी येताना गाडीत तोंड फिरवून रडलो.

रात्री निंगव्वा म्हणाली, तोंडाला कसला वास येतोय. म्हटलं, लसणाची चटणी दिली त्यांनी.

ता. १ मार्च

पुन्हा गेलो. तूप वरून ओतून घेतलं, वैद्यबुवांनी सांगितलं होतं तसं. हिंग आणि सुंठही घरून पुडीत नेली. केराबाई म्हणते, "रश्श्यात हिंग कुणी घालतंय व्हय?" म्हटलं, औषध आहे, घाल.

ता. ४ मार्च

काही नाही.

ता. ८ मार्च

आज पहाटे जरा आशा वाटली. हात तिच्या खांद्यावर ठेवला. ती अंग आक्रसून पडून राहिली. आणि ती आशाही कुठं गेली कळलं नाही. तिला आता माझा हातही नकोसा झालाय. कशाला हवा असेल? ज्या हातानं पुढं काहीच होत नाही तो हात!

धर्म गेला तो गेला. हाती काय आलं? काहीच नाही.

ता. १० मार्च

सगळं संपलं.

दुपारी मी दुकानात, आणि केराबाई बाजाराला आली ती आमच्या घरी गेली. चांगल्या मनानं गेली बिचारी. झाकणाला फडकं बांधलेली किटली निंगव्वाच्या हातात दिली. निंगव्वाला वाटलं, ताक आणलं. "मालकांस्नी लई मानवलंय म्हून आणलं. आज त्यांचं येणं झालं न्हाय, मनलं औशदात खंड नगं." निंगव्वानं झाकण उघडलं.

मी घरी आलो तर ती दारात उभी. किटली मागच्या परसात, तिच्यावर पाटी पालथी घातलेली. रागावली की निंगव्वा मराठी सोडून कानडी बोलते. आज कानडीतही एकच वाक्य — "तुम्ही खाल्लंत?" मी म्हणालो, वैद्यानं सांगितलं होतं, औषध म्हणून. तिनं ऐकून घेतलं. मग घर धुवायला काढलं. उंबऱ्यापासून परसापर्यंत, एकटीनं, पाणी ओढून ओढून. मी मदतीला गेलो तर बादली बाजूला घेतली.

ता. ११ मार्च

मी जेवून उठलो. तिनं माझं ताट उचललं, राखेनं घासलं, पाण्यानं धुतलं, उन्हात पालथं घातलं. आणि दुसऱ्या ताटात जेवली.

भांडण नाही, आदळआपट नाही. मी तिच्यासाठी खाल्लं, आणि त्यापायी हेही गेलं!

ता. १३ मार्च

पूजेला शेजारी बसत नाही. माझी झाली की मग तिची. मठात जाऊन स्वामींच्या कानावर घाला म्हणाली, ते सांगतील तसं करा. गेलो नाही. स्वामी विचारतील, का खाल्लंस? काय सांगू? गुडघे?

तंबाखू पुन्हा सुरू केली. चहाही.

ता. १५ मार्च

अरे देवा! अरे देवा!

दुपारी बुरखा घेतलेली एक म्हातारी दुकानात आली. नेहमीची आहे. पिशवी पुढं केली, म्हणाली, "सेठ, माश की दाल दो सेर." मी माप उचललं, उडदाच्या डाळीत घातलं — आणि तिथंच थांबलो.

माश. माश म्हणजे उडीद. मुसलमान गिऱ्हाइकं रोज मागतात, मी रोज मोजून देतो. बुवा संस्कृतातलं माष म्हणाले, आणि दात नसलेल्या तोंडातून मला मांस ऐकू आलं. का? बिरदेवाचा रस्सा आदल्या दिवसापासून कानात भरला होता म्हणून. मनात तेच होतं म्हणून! हिंग लावा, सुंठ लावा म्हणाले, तेव्हा तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता. हिंग-सुंठ कशाला लावतात हे पेठेतलं शेंबडं पोरगंही सांगेल. आणि मी डाळींचा व्यापारी. उडदाच्या पोत्याला टेकून बसलो होतो मी, आणि मेंढरू खायला कुंभारीला गेलो!

म्हातारी म्हणाली, "क्या हुआ सेठ?" तिला तीन शेर मोजून दिली, दोनच मागितली होती.

ता. १६ मार्च

खात्री करायला बुवांकडं गेलो. "माष म्हणजे उडीदच हो! तुमच्या दुकानात पडलेत की. का? गुण आला नाही?" म्हटलं, नाही आला. "मग तुम्ही घेत काय होता?"

काही नाही म्हणालो आणि चपला शोधायला लागलो.

ता. १८ मार्च

निंगव्वाला सांगितलं. नाही सांगितलं तर ती आयुष्यभर मला जिभेचा हावरा समजणार. मी सांगत होतो, माश, माष, मांस, आणि ती डोळे बारीक करून ऐकत होती. मग तिच्या लक्षात आलं. हसायलाच लागली! आठ दिवसांत पहिल्यांदा. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं. "अय्यो शिवा! घरात पोत्यानं उडीद, आणि तुम्ही —" मीही हसलो. वाटलं, सुटलो.

मग ती एकदम थांबली. म्हणाली, "पण औषध कशाचं होतं?"

म्हटलं, गुडघ्याचं.

"गुडघ्याला काय झालंय? उकिडवे बसून पोती शिवता, गाडीवर टुणकन चढता. गुडघ्यासाठी कोण जात सोडतं?" माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी उठून दुकानात गेलो.

ता. २० मार्च

आज तिनं उडदाची डाळ शिजवून, घोटून घुटं केलं. वरून तूप. ताटात वाढून समोर ठेवलं, "घ्या तुमचं औषध." चव छान होती. पण जेवून उठल्यावर ताट घासलंच. चूक होती तर होती, खाल्लंत ते खाल्लंतच, असं म्हणाली. बरोबर आहे तिचं.

रोज घुटं खाल्लं तरी आता काय होणार? वय माझ्या अंगावर चढून बसलंय. दूध, तूप, उडीद, खारीक — खाऊन खाऊन माणूस एक वर्षही मागं जात नाही. वैद्यबुवाच आता सत्तरीचे दिसतात, त्यांना विचारायला हवं होतं, तुम्ही स्वतः काय खाता? तुम्हाला तरी काय गुण आला?

एक मात्र पुन्हा पुन्हा मनात येतं. ती अवघी पंचेचाळीसची, अजून अंगानं धडधाकट. तिच्या वाट्याला माझ्यासारखा रिकामा माणूस. ती रडत असेल का, मी दुकानात गेल्यावर?

ता. २२ मार्च

पाडवा. सकाळी गुढी उभारली. स्वामींकडं उद्या जायचं ठरवलं, काय होईल ते होवो. पण त्याआधी तिला खरं सांगायला हवं, असं वाटलं. देवाला सांगण्याआधी तिला.

पुरणपोळी वाढत होती. म्हटलं, जरा बस. बसली. मी खाली ताटाकडं बघूनच बोललो. दिवाळीपासून माझं काय झालंय ते. कांद्याचा रस, लाडू, वैद्य, रस्सा, सगळं कशासाठी होतं ते. म्हणालो, "तू बोलत नव्हतीस म्हणून मला जास्त लागत होतं. मी तुला उपाशी ठेवलंय असं वाटायचं. तुझ्यासाठी खाल्लं मी ते. मला काय, मी म्हातारा झालो, मला नसतं चाललं तर नसतं. पण तू —"

तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, कुणी गेल्याची बातमीच सांगितली मी तिला. उठली, तव्यावरची पोळी उतरवली, ती करपली होती. मग परसात जाऊन बसली, दिवे लागेपर्यंत.

ता. २३ मार्च

सकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता बोलली. म्हणाली, सात लेकरांतली पाच पुरली मी. शेवटचं पुरलं तेव्हापासून रात्री तुमची पावलं वाजली की अंगावर काटा यायचा. दसऱ्याला सिद्धेश्वराला नवस बोलले, आणि संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत फेडला. खण, नारळ, पाच जंगमांना जेवण.

मी विचारलं, कसला नवस?

"हे बंद होऊ दे म्हणून."